पहिले तीन भाग: नवं अ‍ॅनिमे, थोडं मांगा आणि ‘उत्तर माहीत नाही’ची सवय

नेट-सेट, गेट किंवा पेटची तयारी करणाऱ्यांसाठी मी इथे सहसा सिनॉप्सिस, पेपर वाचन, गाईड निवडणं असल्या गोष्टींवर लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे. गेल्या काही महिन्यांत लॅबमधून परतल्यावर मी जे अ‍ॅनिमे पाहिलं आणि जे मांगा वाचलं, त्याबद्दल लिहितोय. पण विषय फार लांब गेलेला नाही. या तिन्ही कथांच्या मध्यभागी विज्ञान आहे, आणि तिन्हींत ‘संशोधन’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तो फरक पीएच.डी.ला नाव घालण्याआधी कळला तर बरं, म्हणून हा लेख.

(अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका आणि मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, हे बहुतेकांना माहीत असेलच. कथेचे मोठे धक्के मी फोडलेले नाहीत. तिसऱ्या कथेतला एक प्रसंग मात्र सांगावा लागतोय, तिथे आधी सूचना दिली आहे.)

तीन भागांचा नियम

जपानमध्ये नव्या मालिका वर्षातून चार वेळा येतात: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. प्रत्येक हंगामात डझनावारी मालिका सुरू होतात आणि एका हंगामात मालिकेचे साधारण १२-१३ भाग होतात. सगळं पाहणं कुणालाच शक्य नाही. म्हणून पाहणाऱ्यांनी आपसात एक नियम पाडून घेतलाय: तीन भाग पाहायचे, मग ठरवायचं की पुढे जायचं की सोडायचं. २०११ च्या ‘माडोका मॅजिका’ या मालिकेनंतर हा नियम जास्तच रूढ झाला, कारण तिचा खरा चेहरा तिसऱ्या भागात दिसतो.

आपण पेपर वाचतो तेव्हा वेगळं काय करतो? शीर्षक, अ‍ॅबस्ट्रॅक्ट, आकृत्या. एवढ्यावर ठरतं की पेपर ‘वाचायचा’ फोल्डरमध्ये जाणार की ‘नंतर बघू’मध्ये. म्हणजे पहिलं इम्प्रेशन हे मत नसतं, ते गृहीतक असतं. थोड्या नमुन्यावरून बांधलेलं, पुढच्या पुराव्याने टिकणारं किंवा मोडणारं. म्हणून मी प्रत्येक मालिकेचे तीन भाग झाले की वहीत दोन ओळी लिहितो: ही कथा कशाबद्दल आहे असं वाटतंय, आणि असं का वाटतंय. दुसरी ओळ जास्त महत्त्वाची.

डॉक्टर स्टोन: नकाशा हातात असलेलं विज्ञान

‘डॉक्टर स्टोन’ नवी नाही. कथा रिइचिरो इनागाकी यांची, चित्रं बोइची यांची. मांगा २०१७ ते २०२२ या काळात ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात आलं आणि अ‍ॅनिमे २०१९ ला सुरू झालं. ‘सायन्स फ्यूचर’ हा तिचा शेवटचा सीझन जानेवारी २०२५ पासून भागाभागाने येऊ लागला, म्हणून मी मांगा पुन्हा पहिल्यापासून काढलं.

गोष्ट अशी: एका क्षणात पृथ्वीवरची सगळी माणसं दगडाची होतात. तब्बल ३,७०० वर्षांनी सेन्कू नावाचा शाळकरी मुलगा जागा होतो आणि ठरवतो की शून्यापासून सगळं विज्ञान पुन्हा उभारायचं. साबण, काच, वीज, औषध, एकेक करून. पहिल्या तीन भागांतच वेग असा पकडते की बारावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक पुन्हा उघडावंसं वाटतं.

पण एक गोष्ट नीट बघा. सेन्कूला जवळजवळ प्रत्येक उत्तर आधीपासून माहीत आहे. गावातल्या आजारी मुलीसाठी तो सल्फा औषध बनवायला निघतो तेव्हा पडद्यावर चक्क नकाशा येतो: हे आम्ल, मग हा पदार्थ, मग ही अभिक्रिया, आणि शेवटी गोळी. बाण सरळ रेषेत. अडचणी येतात त्या साहित्याच्या आणि मनुष्यबळाच्या. ‘असं काही असेल का?’ हा प्रश्न तिथे नाहीच.

आता खरा इतिहास बघू. सल्फानिलामाइड हा रेणू पाउल गेल्मो यांनी १९०८ मध्येच बनवला होता. तो औषध आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. १९३० च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड डोमाक रंगद्रव्यं तपासत होते. त्यांतलं प्रोन्टोसिल हे लाल रंगद्रव्य जंतूंची लागण झालेल्या उंदरांना वाचवत होतं, पण परीक्षानळीत जंतूंवर त्याचा परिणाम दिसत नव्हता. म्हणजे जिवंत शरीरात चालतं आणि काचेत चालत नाही! याचा उलगडा १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या गटाने केला: शरीरात त्या रंगद्रव्याचे तुकडे होतात आणि त्यातला सल्फानिलामाइड हा तुकडा काम करतो. रंगाचा त्याच्याशी संबंधच नव्हता. डोमाक यांना १९३९ चं नोबेल जाहीर झालं.

थोडक्यात, औषध २७ वर्षं रसायनशास्त्राच्या साहित्यात पडून होतं आणि कुणी त्याला तो प्रश्न विचारला नव्हता. सेन्कूचा नकाशा सरळ दिसतो, कारण वाट चुकण्याचं सगळं काम आधीच्या माणसांनी करून ठेवलंय.

हे मालिकेचं वाभाडं काढणं नाही, मला ती मनापासून आवडते. शिवाय तिच्या सुरुवातीलाच एक अपवाद आहे, आणि तो सोन्यासारखा आहे. दगडातून माणूस परत आणणारा द्रव कसा बनवायचा हे सेन्कूला माहीत नसतं. हाताशी असतं वटवाघळांच्या गुहेतलं नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल. त्याला आठवतं की धातूंचे पृष्ठभाग कोरायला नायटाल वापरतात, ते याच दोन पदार्थांचं मिश्रण आहे. मग तो आणि त्याचा मित्र प्रमाण बदलत राहतात. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. कथा हे सगळं मोजक्या चौकटींत उरकते. संशोधन त्या चौकटींत आहे, बाकीचं उत्तम प्रॅक्टिकल आहे.

आपली एम.एस्सी. पर्यंतची सगळी तयारी सेन्कूच्या नकाशासारखी असते. प्रश्न आला की त्याचं उत्तर मागच्या पानावर कुठेतरी असतं. नेटला तर चार पर्याय छापूनच देतात. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात भले भले गोल्ड मेडलिस्ट गांगरतात, त्यामागे हुशारी कमी पडते असं नसतं. आन्सर की नसते, आणि तिच्याशिवाय काम करायची सवय कुणी लावलेली नसते.

रुरी नो होसेकी: हा कण आला कुठून?

नव्यांपैकी सगळ्यात जास्त आवडलेली मालिका ही. केइइचिरो शिबुया यांच्या मांगावर आधारलेली, स्टुडिओ बाइंडने केलेली, २०२५ च्या जुलैत सुरू झालेली, एकूण १३ भागांची. रुरी नावाच्या शाळकरी मुलीला चमचमीत दगड हवे असतात. विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून ती डोंगरात शोधायला जाते. तिथे तिला भेटते नागी, खनिजशास्त्र शिकणारी पदव्युत्तर विद्यार्थिनी. अ‍ॅनिमेत रिसर्च करणारी मुलगी हातोडी, भिंग आणि चिखलाचे बूट घेऊन फील्डवर्क करताना दिसणं हेच मुळात दुर्मीळ.

नावाची एक गंमत सांगतो. ‘रुरी’ हा एका निळ्या रत्नासाठीचा जपानी शब्द. तो चिनीतून जपानीत गेला आणि चिनीत गेला तो बौद्ध ग्रंथांबरोबर, आपल्या ‘वैडूर्य’ या शब्दापासून. ‘डॉक्टर स्टोन’मधल्या त्या आजारी मुलीचं नावही रुरीच आहे. दोन्ही मालिकांच्या लेखकांना खनिजांच्या नावांचा सोस दिसतोय!

पहिल्या तीन भागांत वाटतं की ही ‘दर आठवड्याला एक दगड’ छापाची हलकीफुलकी मालिका आहे. मग नीलमचा प्रसंग येतो. नदीच्या वाळूत एक निळा कण सापडतो. तो नीलम आहे. प्रश्न असा की तो आला कुठून? नागीला उत्तर माहीत नाही. कुठल्या पुस्तकातही नाही. आणि इथे मालिका शाळकरी रुरीला पुढे करते.

पद्धत समजून घेण्यासारखी आहे. डोंगरातला खडक झिजतो, त्यातले कण ओढ्यात येतात, ओढा नदीला मिळतो. म्हणजे नदीची वाळू ही वरच्या सगळ्या डोंगरांची सरमिसळ. आता उलटं चालायचं. जिथे दोन प्रवाह मिळतात तिथे दोन्हींतली वाळू वेगवेगळी घ्यायची, धुवायची, जड कण वेगळे करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. ज्या प्रवाहात निळे कण दिसतील त्या बाजूला वर जायचं. पुढच्या संगमावर पुन्हा तेच. प्रत्येक संगम शोधाचं क्षेत्र कमी करत जातो.

‘जड कण वेगळे करणं’ ऐकायला सोपं वाटतं. वाळूतलं क्वार्ट्झ घनतेला २.६५, सोनं १९.३, आणि नीलम म्हणजे कुरुंद साधारण ४. पाण्यात बुडल्यावर प्रत्येकातून पाण्याचा १ वजा करा: क्वार्ट्झ १.६५, सोनं १८.३, कुरुंद ३. म्हणजे सोनं आणि वाळू यांच्यातला फरक अकरापट, तर कुरुंद आणि वाळूत दुप्पटही नाही. म्हणून परातीत सोनं तळाशी बसतं, पण नीलम सहज वाळूबरोबर वाहून जाऊ शकतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूचे पट्टे पाहिले असतील तर हीच क्रिया तुम्ही पाहिलीय. तिथे लाटा परात हलवतात, हलकी वाळू निघून जाते आणि इल्मेनाइटसारखं जड खनिज मागे राहतं.

आता खरा मुद्दा. समजा एका ओढ्यातली वाळू धुतली आणि नीलम मिळाला नाही. तर वरच्या डोंगरात नीलम नाही असं म्हणायचं का?

हिशेब करून बघू. आकडे निव्वळ उदाहरणादाखल. त्या ओढ्यात सरासरी दर १० किलो वाळूत एक कण आहे असं धरा. तुम्ही बरोबर १० किलो वाळू धुतली. एकही कण न मिळण्याची शक्यता किती? प्वासाँ वितरणाने सुमारे ३७ टक्के. म्हणजे नीलम असूनही तीनात एकदा तुम्ही हात हलवत परत येणार. ३० किलो धुतली तर ही शक्यता ५ टक्क्यांवर येते. ‘नाही मिळालं’ आणि ‘नाहीच’ यांच्यामध्ये २० किलो वाळू आणि दुखणारी कंबर आहे.

मालिका हा हिशेब मांडत नाही, पण कंटाळा दाखवते. रिकाम्या नमुन्यांमागून रिकामे नमुने. आणि रिकामा नमुनासुद्धा नोंदवायचा असतो, कारण ‘इथे नाही’ ही माहिती आहे. फक्त किती वाळू धुऊन नाही, हे शेजारी लिहिलेलं हवं. तुमच्या विषयात वाळूच्या जागी पेशी असतील, तारे असतील, नाहीतर सर्वेक्षणातले फॉर्म असतील. प्रश्न तोच राहतो.

ज्यांना ही मालिका पाहून दगड गोळा करावेसे वाटतील त्यांनी जपानला जायची गरज नाही. आपल्या डेक्कन ट्रॅपच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइट, अ‍ॅपोफिलाइटसारखी खनिजं मिळतात, त्यासाठी महाराष्ट्र जगभर प्रसिद्ध आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. फक्त खाणीत पाऊल ठेवण्याआधी मालकाची परवानगी घ्या, आणि डोक्यावर हेल्मेट घाला.

ची: पुरावा नेमकं काय सांगतो?

तिसरी कथा सगळ्यात जड. उओतो यांचं ‘ची’ हे मांगा, पूर्ण नाव ‘ची: पृथ्वीच्या गतीविषयी’. २०२० ते २०२२ या काळात आलं, आठ खंडांत संपलं, आणि २०२२ चा तेझुका ओसामू सांस्कृतिक पुरस्कार त्याला मिळाला. मॅडहाउसने केलेलं अ‍ॅनिमे ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ मध्ये २५ भागांत आलं. जपानीत ‘ची’ या उच्चाराचे तीन अर्थ इथे एकत्र येतात: भूमी, रक्त आणि ज्ञान.

काळ पंधराव्या शतकातला युरोप. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं म्हणणाऱ्यांचा छळ होतोय, आणि तो विचार एका माणसाकडून दुसऱ्याकडे लपतछपत जातोय. तीन भागांच्या नियमाची सगळ्यात चांगली परीक्षा इथेच होते. तिसऱ्या भागाच्या शेवटी तुम्हाला कळतं की कथेचा नायक कोण, हा तुमचा अंदाज मुळातूनच तपासायला हवा. त्यापुढे सांगत नाही.

आधी इतिहासाची बाजू. लेखक देशाला ‘पी राज्य’ आणि धर्माला ‘सी धर्म’ म्हणतो. ही खूण ओळखा: हा इतिहास नाही, इतिहासावरून बांधलेलं मॉडेल आहे. कोपर्निकसचं पुस्तक १५४३ चं आणि गॅलिलिओवरचा खटला १६३३ चा. पंधराव्या शतकात सूर्यकेंद्री विचार मांडणाऱ्यांचा असा पद्धतशीर छळ झाल्याची नोंद इतिहासात नाही. त्यामुळे सेमिनारमध्ये या मालिकेचा दाखला देऊ नका. पण मॉडेल म्हणून ती जो प्रश्न विचारते तो खरा आहे: आपल्या हयातीत ज्याचं उत्तर मिळणार नाही अशा प्रश्नाला माणूस आयुष्य का देतो?

(इथून एका प्रसंगाची उकल आहे. नको असेल तर पुढच्या उपशीर्षकाकडे जा.)

कथेत एक टप्पा असा येतो की सगळी मदार शुक्रावर असते. टॉलेमीच्या रचनेत शुक्र नेहमी पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या बाजूला राहतो. त्यामुळे त्याची उजळलेली बाजू पूर्ण किंवा जवळपास पूर्ण अशी आपल्याला कधीच दिसू नये. शुक्र सूर्याभोवती फिरत असेल तर मात्र तो सूर्याच्या पलीकडेही जाईल आणि जवळजवळ पूर्ण गोल दिसेल. म्हणजे शुक्राची कला बघा आणि निकाल लावा. दुर्बीण नाही, पण एका पात्राची नजर विलक्षण तीक्ष्ण आहे. तो वर बघतो.

मला हा प्रसंग फार आवडला. तरीही दोन प्रश्न विचारावेच लागतात, आणि कुठल्याही पेपरला हेच दोन प्रश्न विचारायचे असतात.

पहिला: हे मोजमाप या उपकरणाने शक्य आहे का? माणसाच्या डोळ्याची सूक्ष्म तपशील वेगळे करण्याची मर्यादा साधारण एक आर्कमिनिट, म्हणजे ६० आर्कसेकंद. शुक्र पृथ्वीच्या जवळ, बारीक कोरीच्या रूपात असतो तेव्हा त्याचा व्यास जेमतेम तेवढा होतो. जवळपास पूर्ण असतो तेव्हा तो सूर्याच्या पलीकडे, दूर असतो आणि त्याचा व्यास १० आर्कसेकंदांच्या आसपास उतरतो. म्हणजे नजर कितीही तेज धरली तरी गणित जमत नाही. शुक्राच्या कला गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिल्या त्या दुर्बिणीतून. तर्क बिनचूक, उपकरण अपुरं.

दुसरा: पुरावा मान्य केला, तर त्याने सिद्ध काय होतं? शुक्र पूर्ण दिसला तर टॉलेमीची रचना कोसळते, हे बरोबर. पण म्हणून पृथ्वी फिरते हे सिद्ध होत नाही. टायको ब्राहेने पुढे मांडलेल्या रचनेत पृथ्वी स्थिर आहे, सूर्य तिच्याभोवती फिरतो आणि बाकीचे ग्रह सूर्याभोवती. त्यातही शुक्राच्या कला अगदी तशाच दिसतात! पृथ्वीच्या गतीचा थेट पुरावा मिळायला ब्रॅडलीचं १७२९ मधलं ताऱ्यांच्या प्रकाशाचं अपेरण आणि बेसेलने १८३८ मध्ये मोजलेला ताऱ्याचा पराशय यावा लागला. एक कल्पना खोटी ठरली म्हणून तुमची आवडती कल्पना आपोआप खरी ठरत नाही. हे वाक्य वायव्हाच्या आधी स्वतःला दहा वेळा ऐकवावं असं आहे.

मग पाहायचं कसं?

तिन्ही कथा एका रेषेत मांडल्या तर चित्र असं दिसतं. ‘डॉक्टर स्टोन’मध्ये उत्तर माहीत आहे, तिथे पोचायचंय. ‘रुरी’मध्ये उत्तर माहीत नाही, पण शोधायची पद्धत माहीत आहे. ‘ची’मध्ये पद्धतही धड तयार नाही, आणि कुठला पुरावा पुरेसा मानायचा यावरच लढाई आहे. पीएच.डी.मध्ये तुम्ही बहुतेक वेळ मधल्या ठिकाणी असता. पहिल्या ठिकाणाहून येता, आणि तिसऱ्याची थोडीशी झलक शेवटी मिळते.

पुढची मालिका पाहताना एक छोटा प्रयोग करा. तीन भाग झाले की तीन ओळी लिहा. पात्राला उत्तर आधीपासून माहीत आहे का? त्याला पुरावा कुठून मिळतो, आणि तसा मिळणं शक्य आहे का? त्या पुराव्याने आणखी कुठली शक्यता शिल्लक राहते? मालिका संपली की ओळी पुन्हा वाचा आणि काय टिकलं ते बघा. हीच वही पुढे पेपर वाचताना कामी येते, कारण प्रश्न तेच असतात. फक्त पार्श्वसंगीत नसतं.

आणि एक प्रश्न स्वतःसाठी. या तिन्हींपैकी कुठला भाग पाहताना तुम्ही सगळ्यात जास्त रमलात? सेन्कूची गोळी तयार होते तो क्षण, की रुरी आठव्यांदा तीच वाळू धुते तो? पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर त्यात कमीपणा काहीच नाही. उद्योग, अध्यापन, तंत्रज्ञान या सगळ्यांना सेन्कू हवेच असतात, आणि तिथे चांगली करिअर होतात. पण रिकामी परात पाहूनही ‘पुढचा ओढा कुठला?’ असं मनात आलं असेल, तर फॉर्म भरा. पुढची पाच वर्षं तुम्हाला हेच करायचंय.